एका विषयाचं वर्ष

आमच्या बारावीची परीक्षा झालीच नाही. लॉकडाऊनमध्ये ती रद्द झाली आणि दहावीचे, अकरावीचे आणि कॉलेजने दिलेले मार्क एकत्र करून आम्हाला निकाल मिळाला. मला एक्क्याऐंशी टक्के पडले. बदलापूर गावातल्या आमच्या आळीत सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे बाबांनी नाक्यावर माझा फ्लेक्स लावला. त्यावर आमच्या सगळ्या काकांची नावं होती आणि मधोमध मी, एका लग्नातला फोटो कापून घेतलेली. येणारे-जाणारे बाबांना थांबवून अभिनंदन करत. बाबांचा रेती-विटांचा टेम्पो आहे. त्या आठवड्यात ते प्रत्येक साइटवर पेढे घेऊन गेले. न दिलेल्या परीक्षेचे पेढे खाताना मला थोडं चोरट्यासारखं वाटत होतं, पण तेव्हा मी ते कुणाला बोलले नाही.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. पहिलं सत्र घरीच, मोबाइलवर. परीक्षाही मोबाइलवर, चार पर्यायांतला एक निवडायचा. आम्ही सगळे पास. दुसऱ्या सत्राला मात्र आम्हाला हॉलमध्ये बसवून हातात उत्तरपत्रिका दिल्या. दोन वर्षांत मी सलग पानभरही पेनाने लिहिलं नव्हतं. गणिताच्या पेपरला पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, आणि तळहाताला एवढा घाम आला की पान ओलं झालं. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीतली ती वाक्यं मला पाठ होती, पण ती काय म्हणतात ते मला कधीच कळलं नव्हतं. अर्धा तास संपल्यावर बाहेर सोडतात. मी बाहेर पडले.

निकालात गणितापुढे एफ आला. मला तसं फार वाईट वाटलं नाही, कारण अर्ध्या वर्गाला तोच एफ होता. आमच्यात म्हणतच असत की केटी लागल्याशिवाय, म्हणजे एखादा विषय मागे राहिल्याशिवाय, सायन्सचा विद्यार्थी होत नाही. माझी एक मैत्रीण होती, कात्रपला राहणारी. पहिल्या दिवसापासून आम्ही एका बाकावर. तिचीही गणिताची केटी होती. तिची पुढच्या खेपेला निघाली, माझी राहिली. त्यानंतरच्या खेपेलाही राहिली. तोवर दुसरं वर्ष झालं, त्याचे सगळे विषय मी सोडवले, केमिस्ट्रीत तर ए प्लस होता. मला वाटायचं, एक विषय काय, निघेल कधीतरी. तिसऱ्या वर्षाला मला गणित नव्हतंच.

जूनमध्ये आम्ही दोघी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला गेलो. तिचा फॉर्म झाला. माझा नंबर टाकून खिडकीतला क्लार्क थांबला.

"बेटा, सिस्टीम फॉर्मच घेत नाही. एफवायचा एक विषय बाकी आहे तुझा."

"एकच आहे सर."

"एक काय नि तीन काय. टीवायला बसायचं तर एफवाय पूर्ण क्लिअर पाहिजे. एसवायला जाता येतं, पुढे नाही. नोटीस लागली होती ना."

"मग मी आता काय करू?"

"केटी काढ. पुढच्या जूनला ये."

"आणि या वर्षी?"

त्याने वर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "या वर्षी तू एक्स-स्टुडंट," तो म्हणाला आणि मागच्या मुलाचा कागद घेतला.

मैत्रीण पायऱ्यांवर माझ्याबरोबर बसून राहिली. म्हणाली, "तू लेक्चरला ये गं, कोण बघतंय?" मी हो म्हटलं. पण आठवडाभरात नवे रोल नंबर लागले, गेटवर नवी आयकार्डं तपासू लागले. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव बदलून टीवाय केमिस्ट्री झालं. मी चार दिवस त्यात राहिले. प्रॅक्टिकलच्या बॅचेस, प्रोजेक्टचे गट, सगळं डोळ्यांसमोरून जात होतं. मग एका दुपारी मी ग्रुप सोडला. खाली बारीक अक्षरांत मी बाहेर पडल्याचं दिसलं असेल. कुणी काही विचारलं नाही.

घरी मी सांगितलंच नाही. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "झाला फॉर्म?" मी म्हटलं, "झाला." एका शब्दात झालं. नंतर तो शब्द रोज सांभाळावा लागला.

सकाळी पूर्वीसारखीच निघायचे, डबा घेऊन, पण उल्हासनगरपर्यंत न जाता अंबरनाथला उतरायचे. तिथे एक अभ्यासिका होती. लाकडी कप्पे केलेली टेबलं, प्रत्येक कप्प्यात एक माणूस, प्रत्येकाच्या पुढ्यात भिंत. बहुतेक मुलं पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची. बोलायला बंदी होती आणि ती पाळली जायची. मी गणिताचं पुस्तक उघडून बसे. डबा जिन्यावर खाई. काही दिवस असे गेले की घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत माझ्या तोंडून "जरा सरका" याखेरीज शब्द निघाला नाही. पाचच्या सुमाराला मी स्वतःशीच काहीतरी बोलून पाही, आवाज बसलाय का म्हणून.

घरी आल्यावर मात्र बोलावं लागे. आईला कॉलेजच्या गोष्टी ऐकायची फार आवड. ती स्वतः सातवीनंतर शाळेत गेली नाही. भाजी निवडता निवडता विचारायची, "आज काय केलंस?" मग मी दुपारी मैत्रिणीचं स्टेटस पाहून ठेवायचे. तिने फुटलेल्या बीकरचा फोटो टाकला, की संध्याकाळी मी आईला सांगायचे, आज प्रॅक्टिकलला बीकर फुटलं, मॅडम काय ओरडल्या. आई हसायची. ते हसू मी दुसऱ्या कुणाच्या दिवसातून आणलेलं असायचं. पुढे पुढे मैत्रिणीचे फोनही कमी झाले. तिचं प्रोजेक्ट सुरू झालं होतं. मी तिला फोन केला तर बोलायला माझ्याकडे काय होतं?

नोव्हेंबरमध्ये पुन्हा पेपर दिला. एक्स-स्टुडंटसाठी वेगळा ब्लॉक होता, तळमजल्यावर. आम्ही अकरा जण. एक बाई तान्हं बाळ सासूकडे देऊन आत आली. माझ्या पुढच्या बाकावर कुरिअर कंपनीच्या टी-शर्टातला, तिशीचा एक माणूस होता. मागे वळून म्हणाला, "पेन आहे का एक्स्ट्रा? सहावा अटेम्प्ट आहे, सगळं आणलं, पेनच विसरलो." मी पेन दिलं. पेपर संपल्यावर त्याने ते टोपण लावून परत केलं आणि धावत बाईककडे गेला.

तीस हवे होते. चोवीस पडले.

मला खात्री होती की तपासण्यात चूक आहे. मी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. ती आल्यावर कॉलेजच्या आवारातल्या कट्ट्यावर बसून, मार्क पुन्हा पुन्हा मोजत, शेवटपर्यंत वाचली. पेपर नीट तपासला होता. समासात जिथे जिथे फुली होती, तिथे खरंच चुकलं होतं.

तेवढ्यात शेजारून एक मॅडम म्हणाल्या, "कुठल्या वर्षाचा आहे?" त्या पहिल्या वर्षाला गणित शिकवायच्या, आमच्यानंतर लागलेल्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढेच पैसे. तिशीच्याही नसतील. त्यांनी फोटोकॉपी घेतली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली.

"हे इथपर्यंत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग तू दुसऱ्याच गणितात शिरलीस. पाठ केलंयस ना?"

"हो."

"ही ओळ काय म्हणते, सांग. मराठीत सांग."

मला सांगता येईना. ती ओळ मी शंभर वेळा लिहिली होती.

त्या माझ्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. "हे बघ. सिक्वेन्स, म्हणजे आकड्यांची रांग, एका आकड्याकडे चाललाय. तू म्हणतेस, दाखव किती जवळ येतोस ते. एवढं अंतर चालेल? मी म्हणते, हो, इथून पुढची सगळी पदं त्याच्या आत आहेत. तू म्हणतेस, नाही, आणखी जवळ. मी आणखी पुढे जाऊन दाखवते. तू कितीही कमी अंतर माग, मला दाखवता आलं पाहिजे. एवढंच लिहिलंय इथे."

मी त्या ओळीकडे पाहत राहिले. अडीच वर्षांत ते मला कुणी असं सांगितलं नव्हतं. खरं तर मीच कुणाला विचारलं नव्हतं.

"जानेवारीत हा भाग शिकवणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात येऊन बस."

"गेटवर सोडत नाहीत. आज या फोटोकॉपीची पावती दाखवली म्हणून."

त्यांनी वहीचं पान फाडून उपप्राचार्यांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

जानेवारीपासून मी पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागले. ती मुलं माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान होती, पण मला ताई म्हणत आणि बाकावर माझ्याशेजारची जागा मोकळी सोडत. हजेरी सुरू झाली की एकेक जण "प्रेझेंट" म्हणे. शेवटच्या नावानंतर मॅडम रजिस्टर बंद करत. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, मग तेही थांबलं, ते बरंच झालं. गणित मात्र कळू लागलं. कळलेलं गणित वहीत उतरवताना जे वाटतं, ते सांगायला मला शेजारी कुणीतरी हवं होतं.

मॅडमही एकट्याच असायच्या. स्टाफरूममध्ये कायम प्राध्यापकांची टेबलं होती. त्या तास संपला की रिकाम्या वर्गातच डबा खात. एकदा मी शंका विचारायला थांबले तर म्हणाल्या, "बस, खा माझ्याबरोबर." आम्ही दोघींनी दोन बाकांवर डबे उघडले. त्यांनी मला घरचं काही विचारलं नाही, मीही त्यांना नाही. बोललो ते गणितावरच. तरी त्या वर्षातलं ते माझं एकमेव जेवण, जे मी कुणाबरोबर जेवले, घर सोडून.

फेब्रुवारीत आमच्या गावातल्या समाजाच्या मंडळाने पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींचा सत्कार ठरवला. त्यासाठी कॉलेजचा बोनाफाइड दाखला लागणार होता. मी उद्या-परवा करत राहिले. बाबांना वाटलं, पोरगी अभ्यासात आहे, आपणच आणू. उल्हासनगरला विटा खाली करून ते माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेले. क्लार्कने नंबर टाकला आणि सांगितलं की ही विद्यार्थिनी या वर्षी रोलवर नाही.

मी साडेबाराला पहिल्या वर्षाच्या घोळक्यामागून गेटबाहेर आले तर समोर आमचा टेम्पो उभा. बाबा आत बसलेले. कपाळाला विटांची लाल धूळ. त्यांनी पलीकडचं दार उघडलं. मी चढले.

अंबरनाथ मागे पडलं. मी आधारकार्डाच्या झेरॉक्सकडे पाहत होते. ती डॅशबोर्डवर होती, नीट घडी घातलेली. चिखलोलीच्या बाजूला जिथे नव्या इमारती उठतायत, तिथे त्यांनी टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"किती विषय?"

"एक."

"एकासाठी वरीस?"

"नियम आहे बाबा."

"मंग रोज जाऊन करतंस काय?"

मी सगळं सांगितलं. अंबरनाथची अभ्यासिका, नोव्हेंबरचे चोवीस मार्क, मॅडमचा वर्ग. ते स्टेअरिंगवर हात ठेवून पुढे बघत ऐकत होते.

"वर्गात तुजं नाव घेतात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

समोर एक सिमेंटचा मिक्सर फिरत होता. मग त्यांनी चावी फिरवली. "आयला नको सांगूस," ते म्हणाले. "पेपर होऊ दे."

मला वाटलं होतं ते रागावतील, आणि मग निदान ते एकदाचं होऊन जाईल. ते रागावले नाहीत. दोन दिवसांनी मंडळाचे एक काका घरी आले. मी आत होते. बाबा ओट्यावर त्यांना सांगत होते, "तिला नाय जमनार. शेवटचं वरीस हाय, अभ्यास लय असतो." काका म्हणाले, दहा मिनिटांचा तर कार्यक्रम. बाबा म्हणाले, "नाय, नकोच." आयुष्यात कुणाशी एक पैचंही खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी ओट्यावर बसून खोटं बोलत होता, आणि ते त्यांना नीट जमतही नव्हतं. मी दाराआड उभी राहून ऐकलं. त्यानंतर ते मला रोज सकाळी टेम्पोने स्टेशनला सोडू लागले. वाटेत आम्ही बोलत नसू. दोघांचं गुपित एक झालं म्हणून आम्ही जवळ आलो असतो तर बरं झालं असतं. उलट ते माझ्याशी बोलताना आता शब्द शोधत, जणू मी पाहुणी आहे.

एप्रिलच्या शेवटी पेपर झाला. या वेळी मी तीन तास लिहिलं. पुरवणी मागितली तेव्हा सुपरवायझरने नुसती पुढे केली, त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट. निकाल जूनमध्ये लागला. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागत होता. गणितापुढे डी होता. पास होण्यातली सगळ्यात खालची श्रेणी. मी तो डी मोठा करून, बोटांनी ताणून पाहिला.

पहिला फोन मॅडमना केला. नंबर बंद. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले तर कळलं, त्यांचे तास मार्चअखेर संपले, नव्या वर्षासाठी त्यांना बोलावलेलं नाही. त्या कुठे गेल्या ते क्लार्कला माहीत नव्हतं. मी मेसेज पाठवून ठेवला, "मॅडम, सुटला." तो अजून एकाच खुणेवर आहे, पोचलेला नाही.

आईला सांगायचं राहिलं होतं, आणि आता थांबता येणार नव्हतं. तिच्या हिशेबाने मी पदवीधर झाले होते. ती सुकट निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तिचे हात थांबले.

"आनि बीकर?" तिने विचारलं.

"ते मैत्रिणीचं."

"यांना म्हाईत व्हतं?"

"फेब्रुवारीपासून."

ती उठली, हात धुतले आणि पुन्हा येऊन बसली. "नापास झालीस त्याचं काय नाय," ती म्हणाली. "शाळंत मीबी झाल्ती. पन तुमी दोघांनी मना येडी बनवलीत. मी बचत गटातल्या बायांना तुज्या गोष्टी सांगत बसायची." तिचा आवाज चढला नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस तिने आमच्या दोघांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बाबा जेवताना ताटात बघत. सोळाव्या दिवशी ती मला म्हणाली, "फॉर्म भरलास? खरंच भरलास?" मी मोबाइलवर पावती दाखवली. तिने ती अक्षर अक्षर जुळवत वाचली, माझं नाव येईपर्यंत.

तिसरं वर्ष मी अनोळखी मुलांमध्ये केलं. ती चांगली होती, पण त्यांची मैत्री आधीच ठरलेली होती. प्रोजेक्टला मला एका गटात घातलं, तेही त्यात तीनच जण होते म्हणून. शेवटी गुण चांगले आले. आता मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. मुलाखतीत विचारलं होतं, एक वर्ष कुठे गेलं? मी म्हटलं, गणितात. ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे गेले.

परवा कात्रपच्या मैत्रिणीचा बऱ्याच दिवसांनी फोन आला. बॅचचं गेट-टुगेदर होतं, बदलापूरलाच, एका हॉटेलात. मी गेले. चौदा-पंधरा जण होते. सगळे मनापासून भेटले. खाणं आलं, मग टीवायच्या ट्रिपचे किस्से सुरू झाले. बसचं टायर कसं फुटलं, कोण कुणाच्या मांडीवर झोपला. मी हसत ऐकत होते. नावं ओळखीची होती, गोष्टी नव्हत्या. मधेच एकाने विचारलं, "ए, तू कुठे होतीस गं ट्रिपला? फोटोत दिसत नाहीस."

मैत्रिणीने पाण्याचा ग्लास उचलला.

"मी तेव्हा एफवायला बसत होते," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करतेय. तो हसला, मग बाकीचेही हसले, आणि गोष्ट पुन्हा टायरवर गेली. मी अजून तासभर थांबले. ग्रुप फोटो निघाला, त्यात मी कडेला आहे. मैत्रीण निघताना म्हणाली, "भेटत जा गं." मी म्हटलं, "हो." दोघींनाही ते खरंच वाटत होतं.

घरापर्यंत चालत गेले. संध्याकाळ होती, बाबा ओट्यावर बसून टेम्पोचा आरसा पुसत होते. म्हणाले, "लवकर आलीस."

"हो."

"मजा आली?"

"टायर फुटलं होतं म्हणे, त्यांच्या बसचं," मी म्हटलं आणि त्यांच्याशेजारी बसले. बाबांनी विचारलं, पुढचं की मागचं. मला ते माहीत नव्हतं.